वाचकांचे प्रश्न : अनेक पडद्यांवरची एक कलाकृती

या वेळी आलेल्या पत्रांपैकी शहापूर, खानापूर आणि निपाणी येथील तीन पत्रे एकाच विषयाची आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे. गणेशोत्सव जवळ आला आहे आणि असे देखावे करू पाहणारी मंडळे एकापेक्षा अधिक आहेत, हे त्याचे कारण.

प्रश्न : यंदा आमच्या मंडळाने शहापूर-वडगावच्या विणकरांवर देखावा करण्याचे ठरवले आहे. भाविकांनी आपल्या मोबाईलवर धाग्याचा रंग निवडायचा आणि समोरच्या ४ मीटर रुंद, अडीच मीटर उंच एलईडी वॉलवर त्या रंगाने साडीचा काठ विणला जायचा, अशी कल्पना आहे. रांगेतल्या लोकांसाठी बाजूला दोन टीव्ही असतील. गेल्या वर्षी लॅपटॉपवर उत्तम दिसणारी चित्रफीत वॉलवर लावली, तेव्हा तिच्यातील अक्षरे वाचताच येईनात. या तिन्हींसाठी एकच ॲप करावे की वेगवेगळी? आणि सगळीकडे चित्र एकाच वेळी कसे बदलेल? (मंडळाचे एक कार्यकर्ते, शहापूर, बेळगाव)

उत्तर : आधी गेल्या वर्षीच्या अक्षरांचे पाहू, कारण बाकीच्या उत्तराचा पाया तिथेच आहे. भाड्याने मिळणाऱ्या एलईडी वॉलचे एक पॅनेल बहुधा ५०० मिलिमीटर लांब आणि तितकेच रुंद असते. चित्र ज्या ठिपक्यांचे (पिक्सेलचे) बनते, त्यांतील शेजारच्या दोन ठिपक्यांमधील अंतराला पिच म्हणतात, आणि ३.९ मिलिमीटर पिचच्या पॅनेलवर आडवे १२८ व उभे १२८ ठिपके बसतात. आपल्या मापाच्या वॉलला अशी आडवी ८ आणि उभी ५ पॅनेल लागतील, म्हणजे संपूर्ण वॉलवर १०२४ गुणिले ६४० एवढेच ठिपके मिळतील. साध्या लॅपटॉपच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८० ठिपके असतात, म्हणजे वॉलच्या तिपटीहून अधिक. मांडवातला सर्वांत मोठा पडदा हाच सर्वांत कमी ठिपक्यांचा पडदा असतो. लॅपटॉपसाठी केलेले चित्र त्याच्यावर आवळून बसवले जाते आणि बारीक रेघा व अक्षरे त्यात नाहीशी होतात.

म्हणून वॉल पुरवणाऱ्याकडून पिच आणि पॅनेलची संख्या आजच विचारून घ्या, आणि वॉलचे चित्र नेमके तेवढ्याच ठिपक्यांचे करा. अक्षराची उंची पाहणाऱ्याच्या अंतराच्या किमान दोनशेव्या भागाइतकी असावी, असा एक जुना ढोबळ नियम आहे. रांगेतला माणूस १५ मीटरवर उभा असेल, तर अक्षर साडेसात सेंटिमीटरचे हवे, आणि या पिचवर ते सुमारे १९ ठिपक्यांत बसते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी व मात्रा आणि खाली उकार लागतात, त्यामुळे एका ओळीला ४० ठिपक्यांपेक्षा कमी जागा देऊ नये. माझे मत असे की वॉलवर दोन ओळींपेक्षा अधिक मजकूर नसावाच. विणकामाची माहिती टीव्हीवर द्यावी, कारण ती वाचायला वेळ असलेला माणूस रांगेतच उभा असतो. पार्श्वभूमीही गडद ठेवा. रात्रीच्या वेळी पूर्ण प्रकाशातले पांढरे चित्र डोळ्यांवर येते आणि वीजही अधिक खाते.

आता एकच ॲप की वेगवेगळी, हा प्रश्न. पडद्याचा आकार पाहून मांडणी बदलणारे एकच पान करण्याची पद्धत वेब डिझायनर ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये मांडली आणि वेबसाइटसाठी ती आज सर्वत्र रूढ आहे. वाचनाच्या पानाला ती पुरते. आपल्या देखाव्यात मात्र प्रत्येक पडद्यासमोरचा माणूस वेगळ्या अंतरावर, वेगळ्या कामात आणि वेगळ्या मनःस्थितीत असतो. मोबाईल हातात असतो, म्हणून त्याच्यावर एकच कृती असावी : रंग निवडणे. वॉल सर्वांची असते, म्हणून तिच्यावर फक्त विणले जाणारे वस्त्र दिसावे. टीव्हीने आपली पाळी केव्हा येईल, मोबाईलवर काय करायचे आणि ताणा (उभे धागे), बाणा (आडवे धागे), धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारे साधन) म्हणजे काय, एवढे सांगावे. त्यामुळे दर्शनी पाने तीन करा, पण त्यांच्या मागची नोंदवही एकच ठेवा. कोणत्या ओळीत कोणता धागा आला आणि आता कोणाची पाळी आहे, हे फक्त लॅपटॉपवर चालणाऱ्या एका छोट्या सर्व्हरला, म्हणजे सगळ्यांचे निरोप घेणाऱ्या आणि देणाऱ्या प्रोग्रॅमला, ठाऊक असावे. मोबाईलने त्याला ‘रंग क्रमांक ४’ एवढाच निरोप पाठवावा, त्याने नोंद करून ती वॉलला व टीव्हींना कळवावी आणि प्रत्येक पडद्याने आपले चित्र स्वतः रंगवावे. तयार चित्र किंवा व्हिडिओ इकडून तिकडे पाठवण्याच्या फंदात पडू नका. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात दुतर्फा, सतत खुली वाट ठेवणारे वेबसॉकेट हे तंत्र २०११ पासून प्रमाणित आहे आणि असे निरोप काही मोजक्या बाइटमध्ये मावतात.

चित्र एकाच वेळी बदलण्यासाठी सर्व्हरने ‘आता विण’ असे सांगून उपयोग नाही, कारण तो निरोप प्रत्येक यंत्राला थोडा मागेपुढे पोहोचतो. ‘अमुक वाजून अमुक मिलिसेकंदांनी विण’ असे सांगावे लागते, आणि त्यासाठी सगळ्या यंत्रांची घड्याळे जुळलेली असावी लागतात. टीव्हीला जोडलेल्या संगणकाने लॅपटॉपला वेळ विचारावी, प्रश्न जाऊन उत्तर परत येण्यास किती मिलिसेकंद लागले ते मोजावे आणि त्याचा निम्मा भाग उत्तरातल्या वेळेत मिळवावा. असे अनेकदा विचारून ज्या खेपेला सर्वांत कमी वेळ लागला, तिचेच उत्तर धरावे. इंटरनेटवरची घड्याळे जुळवणारी, संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड मिल्स यांनी १९८० च्या दशकात घडवलेली पद्धत याच तत्त्वावर चालते. टीव्ही चित्रावर स्वतःची प्रक्रिया करतो आणि त्यामुळे थोडा मागे पडतो, म्हणून त्याच्या सेटिंगमध्ये गेम मोड असल्यास तो चालू करा. उरलेला फरक समोर उभे राहून, डोळ्यांनी पाहून काढा.

आणखी एक दोष मी अनेक ठिकाणी पाहतो. धोटा दर फ्रेमला (पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या प्रत्येक चित्राला) ५ ठिपके सरकेल, असे कोणी लिहिले, तर सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या टीव्हीवर तो ज्या वेगाने जातो, त्याच्या दुप्पट वेगाने १२० फ्रेमच्या मोबाईलवर पळतो. गती नेहमी सेकंदात लिहावी, फ्रेममध्ये नाही. तसेच धाग्याच्या रंगछटेत किंचित अनियमितपणा आणण्यासाठी यादृच्छिक संख्या वापरणार असाल, तर तिचे बीज, म्हणजे ज्या संख्येपासून ती मालिका सुरू होते ती संख्या, सर्व्हरने सर्वांना एकच द्यावे. बीज एक असले आणि प्रत्येक पडद्यावर तोच कोड असला, की तीच अनियमितता सगळीकडे जशीच्या तशी उमटते.

मोबाईलला मात्र वॉलशी इतके काटेकोर जुळण्याची गरज नाही. त्याच्यावर बोट टेकताच तिथल्या तिथे काही बदलले पाहिजे. सेकंदाच्या दहाव्या भागात प्रतिसाद मिळाला, तर तो माणसाला तात्काळ वाटतो, हे संशोधक रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्येच मांडले होते. म्हणून वॉलवर धागा दिसण्याची वाट न पाहता निवडलेला रंग मोबाईलवर लगेच ठळक करा आणि ‘आपला धागा पाचवा आहे’ असे लिहा. हे नसले, की माणूस तेच बटन पुन्हा पुन्हा दाबत राहतो आणि रांग तुंबते.

जाळ्याविषयी सावध करतो. गर्दीत मोबाईलचे नेट रेंगाळते, म्हणून स्वतंत्र राउटर घ्यावा असे वाटते, परंतु घरगुती राउटर काही डझन फोन जोडले गेले की थकतो. शिवाय ज्या वाय-फायला इंटरनेट नाही, ते सोडून अनेक फोन आपोआप मोबाईल डेटावर परत जातात. त्यामुळे वॉल आणि टीव्ही तारेने आपल्या राउटरला जोडावेत, आणि भाविकांसाठी क्यूआर कोड इंटरनेटवरील पानाचा ठेवावा, असे मी सुचवेन. त्या पानावर आलेली निवड लॅपटॉपने उचलावी. मोबाईलचे नेट अडले, तरी वॉल आणि टीव्ही चालू राहतील. राउटरची तार उत्तम प्रतीची घ्या. लॅपटॉपमधून पडद्याला चित्र पुरवणारी एचडीएमआयची साधी केबल १० ते १५ मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, तेव्हा लॅपटॉप वॉलच्या जवळच ठेवा.

भाविकांना नाव किंवा संदेश टाइप करू देऊ नका. भर मांडवात वॉलवर काय उमटेल, याची हमी कोणीच देऊ शकत नाही. भाद्रपदात आपल्याकडे पाऊस असतो आणि ओल्या काचेवर स्पर्श भलतीकडे नोंदला जातो, म्हणून रंगांची बटने मोठी आणि एकमेकांपासून सुटी ठेवा. वीज जाईल हे गृहीत धरा : प्रत्येक धाग्याची नोंद त्याच क्षणी फाइलमध्ये लिहिली जावी, संगणक सुरू होताच ब्राउझर आपोआप पूर्ण पडद्यावर उघडावा आणि जोडणी परत येताच पडद्याने सर्व्हरकडून आतापर्यंतचे संपूर्ण वस्त्र मागून घ्यावे. आवाज एकाच ठिकाणाहून, मंडळाच्या स्पीकरवरूनच सोडा. आणि व्यासपीठाजवळ लाकडी चौकटीत बसवलेली सहा मोठी रंगीत बटने ठेवा, कारण स्मार्टफोन नसलेल्या आजीलाही आपला एक धागा त्या काठात घालता आला पाहिजे. विणकरांचा देखावा असताना हे मला वॉलहून महत्त्वाचे वाटते. अशी बटने संगणकाला कीबोर्डसारखी जोडता येतात, त्यामुळे वेगळा कोड फारसा लिहावा लागत नाही.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. हलशीची मंदिरे आणि बेळगावच्या किल्ल्यातील १२०४ ची कमल बस्ती (जैन मंदिर) यांची माहिती देणारे मराठी-कन्नड ॲप आम्ही प्रकल्प म्हणून करत आहोत. ते मोबाईलवर आणि ५५ इंची उभ्या टचस्क्रीनवर चालायला हवे. मोठ्या पडद्यावर बटने अवाढव्य दिसतात आणि कन्नड ओळी एकमेकींना चिकटतात. माउसने दिसणारी चित्रांची नावे बोटाने दिसतच नाहीत. काय करावे?

उत्तर : बटनाचा विचार पिक्सेलमध्ये न करता मिलिमीटरमध्ये करा. ५५ इंची फुल एचडी पडद्यावर एक ठिपका सुमारे ०.६३ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे तिथे ४४ ठिपक्यांचे बटन जवळजवळ २८ मिलिमीटरचे होते. तेच ४४ पिक्सेल मोबाईलवर, जिथे ब्राउझरचा एक पिक्सेल अनेक बारीक ठिपक्यांचा असतो, सुमारे ७ मिलिमीटर भरतात. बोटाला ९ ते १० मिलिमीटरचे बटन सुखाने दाबता येते, आणि उभ्या पडद्यावर हात अधांतरी असतो म्हणून तिथे १५ ते २० मिलिमीटर द्यावेत. उभ्या पडद्याच्या बाबतीत बटनाच्या आकारापेक्षाही त्याची उंची महत्त्वाची आहे. जमिनीपासून साधारण ८० ते ११० सेंटिमीटरच्या पट्ट्यात सर्व बटने ठेवली, तर शाळेतील मुले आणि चाकाच्या खुर्चीतील माणूस या दोघांनाही ती वापरता येतात. वरचा भाग फक्त चित्रांसाठी ठेवा.

बोटाला ‘वर तरंगणे’ ही क्रियाच नाही, म्हणून माउस नेल्यावर दिसणारे काहीही टचस्क्रीनवर नाहीसेच धरावे. चित्रांची नावे कायम दिसू द्या. माउस, बोट आणि पेन यांना एकाच प्रकारे हाताळणारे पॉइंटर इव्हेंट्स सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये आहेत, ते वापरा, म्हणजे तीन वेगळे कोड लिहावे लागणार नाहीत.

ओळी चिकटतात, कारण कन्नडमधील ओत्ताक्षरे (जोडाक्षरातील पुढच्या व्यंजनाच्या खुणा) मूळ अक्षराच्या खाली उतरतात, तर आपल्या मात्रा वर चढतात. दोन्ही लिपींसाठी ओळींची उंची अक्षराच्या किमान दीडपट ठेवा, आणि कन्नडसाठी त्याहून थोडी अधिक. प्रत्येक परिच्छेदाची भाषा कोडमध्ये ‘एमआर’ किंवा ‘केएन’ अशी नोंदवायला विसरू नका. मराठी वळणाचे ल आणि श ज्या फाँटमध्ये आहेत, तो फाँट ही नोंद वाचूनच ते दाखवतो. निवडलेला फाँट ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतील अर्धा र नीट काढतो का, हे आधी तपासा. मजकूर चित्राचा भाग करून कधीही ठेवू नये, कारण कन्नड आणि मराठी वाक्यांची लांबी सारखी नसते आणि जागा कमी पडली की सगळी मांडणी कोसळते. भाषा बदलण्याच्या बटनांवर ‘मराठी’ आणि ‘ಕನ್ನಡ’ याऐवजी दोन्ही नावे देवनागरीत लिहू नयेत. प्रत्येक भाषेचे नाव तिच्याच लिपीत असावे. भाषा बदलल्यावर वाचकाला पहिल्या पानावर परत पाठवू नका, तो कमल बस्तीच्या छताचे वर्णन वाचत असेल तर दुसऱ्या भाषेतही तिथेच राहिला पाहिजे.

प्रश्न : मी निपाणीत चित्रकला शिकवते. ठिपक्यांची रांगोळी संगणकावर, मुलांच्या मोबाईलवर आणि वर्गातील प्रोजेक्टरवर सारखी दिसेल अशी काढायची आहे. महागडे सॉफ्टवेअर घ्यावे लागेल का?

उत्तर : नाही. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये चित्रकारांसाठी प्रोसेसिंग ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा सुरू केली, आणि तिच्याच धर्तीवर लॉरेन मॅकार्थी यांनी केलेले पी-५ जेएस हे साधन ब्राउझरमध्ये चालते. दोन्ही विनामूल्य आहेत. ठिपक्यांची रांगोळी यासाठी फारच सोयीची, कारण ती मुळातच ओळी आणि स्तंभांवर उभी असते. ठिपक्याची जागा ‘डावीकडून ३०० पिक्सेल’ अशी लिहू नका, ‘तिसरी ओळ, पाचवा ठिपका’ अशी लिहा, आणि दोन ठिपक्यांमधील अंतर पडद्याच्या लहान बाजूला ठिपक्यांच्या संख्येने भागून काढा. रेषेची जाडीही त्याच अंतराच्या प्रमाणात, समजा दहावा भाग, ठेवा. प्रोजेक्टरसाठी रंग थोडे भडक निवडा आणि खिडक्यांचे पडदे ओढून घ्या, कारण प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही; भिंतीवर पडलेला उजेड जितका, तितकाच त्याचा काळा फिका दिसतो. सुरुवात पाच ते पाच ठिपक्यांच्या रांगोळीने करा आणि पहिल्याच तासाला ती मुलांच्या मोबाईलवर उघडून पाहा.