'हर्क्युलस'मधलं 'कुल' कुणाचं?

प्रश्न असा आला आहे: "ग्रीक पुराणकथांमधला सर्वश्रेष्ठ हीरो कोण, हर्क्युलस की अकिलीस? आणि 'हीरो' हा शब्द आपल्या 'वीर'वरूनच तिकडे गेला, हर्क्युलस म्हणजे मुळात 'हरिकुलेश', हे बरोबर आहे ना?"

नाही, बरोबर नाही.

हे हरिकुलेश प्रकरण मी गेली कित्येक वर्षं ऐकत आलेय. लग्नाच्या पंगतीत ऐकलं, रेल्वेत ऐकलं, एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात कापूस कोंबून ठेवून ऐकवलं. 'नाही हो' म्हणायचीही सोय नव्हती. बरं, कल्पना नवीन म्हणावी तर तसंही नाही. कर्नल टॉडसाहेबांनी 1829 साली राजस्थानचा इतिहास लिहिताना हाच पदच्छेद केला होता. मग चंद्रगुप्ताच्या दरबारातला ग्रीक वकील मेगॅस्थेनिस, त्याची साक्ष निघते: मथुरेकडचे लोक हेराक्लीसला भजतात असं त्याने लिहिलंय म्हणे. लिहिलंय खरं. पण परदेशी देव दिसला की त्याला आपल्या देवाचं नाव देऊन मोकळं व्हायचं, ही ग्रीकांची सवयच होती. त्यावरून व्युत्पत्ती ठरत नाही.

मुळात ग्रीकांनी त्याला 'हर्क्युलस' कधी म्हटलंच नाही. ते रोमन लोकांचं रूप. ग्रीक नाव हेराक्लीस. ते इटलीत पोचलं तेव्हा एट्रुस्कन लोकांनी त्याचं 'हेर्क्ले' केलं, आणि लॅटिनमध्ये आल्यावर 'क' आणि 'ल' यांच्यामध्ये एक स्वर घुसला. लॅटिनला 'क्ल' हे जोडाक्षर जड जायचं. पेल्याला ते आधी 'पोक्लुम' म्हणत, मग 'पोकुलुम' म्हणायला लागले. आपण रत्नचं रतन करतो, भक्तचा भगत करतो, धर्माला धरम म्हणतो, तोच हा प्रकार. आपल्या व्याकरणात याला छान नाव आहे: स्वरभक्ती. थोडक्यात, ज्या 'कुला'वर हरिकुलेशाची सगळी इमारत उभी आहे, ते 'कुल' म्हणजे रोमन जिभेने सोयीसाठी घातलेला एक उकार. तो काढा, इमारत खाली.

आणि 'क्लीस'चा 'कुलेश' करायचाच असेल तर अथेन्सच्या पेरिक्लीसचं काय करणार? परिकुलेश? सोफोक्लीस, थेमिस्टोक्लीस? ही काय एकाच कुळातली भावंडं आहेत?

आता खरी गंमत. हे 'क्लीस' म्हणजे ग्रीक 'क्लेओस', म्हणजे कीर्ती. त्याचं जुनं रूप 'क्लेवोस'. ग्रीक आणि संस्कृत या दोघींची जी एक मूळ भाषा होती, तिच्यातला एक विशिष्ट 'क' ग्रीकमध्ये क राहतो आणि संस्कृतात त्याचा श होतो (ग्रीक 'देका', आपलं 'दश'), आणि ल-र ची अदलाबदल तर घरचीच. मग क्लेवोसचं संस्कृत काय? श्रवस्! अक्षराला अक्षर. उच्चैःश्रवा घोड्यातला श्रवस्, महाभारतातल्या भूरिश्रव्यामधला श्रवस्. धातू श्रु, ऐकणे. कीर्ती म्हणजे जी कानावर येते ती. म्हणजे हेराक्लीस हा 'हेराश्रवा' झाला (हेरा ही ग्रीकांची देवी), आणि पेरिक्लीस हा परिकुलेश नसून चक्क 'परिश्रवा'. चहूकडे ज्याचं नाव ऐकू येतं असा.

इंग्रजीतला 'लाउड' हा आपल्या 'श्रुत'चा सख्खा भाऊ आहे, रशियन 'स्लावा' म्हणजे वैभव हीही त्याच घरची, पण त्या वाटेने गेले तर परत येणार नाही. क्लिओपात्रा मात्र सोडवत नाही. साबणाच्या जाहिरातींमुळे आपल्याला ते नाव कसल्यातरी नाजूक 'पात्रा'सारखं वाटतं. पण ते आहे क्लेओस आणि पितृ: वडिलांची कीर्ती. हेच दोन तुकडे उलटे जोडा. पात्रोक्लोस! अकिलीसचा जिवलग मित्र, ज्याच्या मरणामुळे इलियडची, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या महाकाव्याची, पुढची सगळी होळी पेटते. एकच नाव, सुलट आणि उलट. होमरला हे ठाऊक असावं असं मला ठाम वाटतं, कारण इलियडच्या नवव्या सर्गात रुसून घरात बसलेल्या मेलेआग्रोस नावाच्या योद्ध्याची गोष्ट येते आणि त्याला लढायला उठवणाऱ्या बायकोचं नाव आहे क्लेओपात्रा. पुढे रुसून बसलेल्या अकिलीसपुढे रडून गाऱ्हाणं घालतो तो पात्रोक्लोस. योगायोग म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं.

त्याच नवव्या सर्गात अकिलीस आपल्यापुढचे दोन रस्ते सांगतो. इथे राहून लढलो तर घरी परतणं संपलं, पण 'क्लेओस आफ्थितोन', अक्षय कीर्ती मिळेल. घरी गेलो तर कीर्ती गेली, पण आयुष्य लांबेल. आता ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं नववं सूक्त उघडा. मधुच्छंदा ऋषी इंद्राकडे मागतो: "पृथु श्रवो बृहत् विश्वायुर्धेह्यक्षितम्". श्रवस् आणि अक्षित. क्लेओस आणि आफ्थितोन. 'क्ष' आणि 'फ्थ' हीसुद्धा नियमाने जुळणारी जोडी आहे. म्हणजे दोन्ही शब्द मूळ एक आणि त्यांची जोडीही एक. 1853 साली आडाल्बर्ट कून या जर्मन पंडिताच्या हे लक्षात आलं, आणि दोन्हीकडच्या कवींचे पूर्वज एकाच बोलीत गात होते याचा तो पुरावा मानला गेला.

यावर 1986 साली मार्गालित फिंकेलबर्ग यांनी आक्षेप घेतला: होमरच्या ओळीत 'अक्षय कीर्ती' असा साचा नाहीच, 'कीर्ती अक्षय होईल' असं साधं विधान आहे. ठीक आहे. पण बाई, ऋग्वेदाच्या त्या ऋचेत तरी ते दोन शब्द कुठे खेटून उभे आहेत? 'श्रवो' एका चरणात आणि 'अक्षितम्' दुसऱ्या चरणाच्या शेवटाला. जोडी जुनी असली की लांब उभी राहूनही जोडीच दिसते. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

हेराक्लीसच्या नावाविरुद्धही एक आक्षेप आहे, आणि तो जरा टोचतो. 'हेरा'चा शेवटचा स्वर दीर्घ, तर हेराक्लीसमधला 'रा' मराठीत आपण लांबवला तरी ग्रीकमध्ये ऱ्हस्व. शिवाय जन्मापासून ज्या देवीने त्याचा छळ मांडला तिचंच नाव त्याला कसं? डिओडोरस हा ग्रीक इतिहासकार म्हणतो, तिच्या छळामुळेच कीर्ती मिळाली म्हणून. मला हे उत्तर पुरतं. ऱ्हस्वदीर्घाचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही.

आता 'हीरो'. सिनेमातला हीरो, हीरोगिरी, हीरोहिरॉइन हे सगळं इंग्रजीतून आलं, त्यात बघण्यासारखं काही नाही. मूळ ग्रीक शब्द 'हेरोस'. त्याचा 'वीर'शी रक्ताचा संबंध नाही. वीरची नातलग म्हणजे लॅटिन 'विर', माणूस, पुरुष. ग्रीकमध्ये पुरुषाला शब्द आहे 'आनेर', आणि तो आपल्या 'नर'चा भाऊ. शिवाय ग्रीकमधला आरंभीचा 'ह' बहुधा जुन्या 'स'चा किंवा 'य'चा अवशेष असतो (सप्त, हेप्टा). आणि पुरावाच हवा तर ग्रीसमधल्या पायलोसच्या राजवाड्यात सापडलेल्या, सुमारे 1200 इसवीसनपूर्व काळातल्या मातीच्या पाट्या आहेत. एका पाटीवर 'ति-रि-से-रो-ए' असं लिहिलंय, 'त्रि-हेरोस'ला, तिप्पट हीरोला म्हणा, सोन्याचं भांडं अर्पण. त्यात 'व'चा मागमूस नाही. मग हेरोस आला कुठून? बेकेस यांचा 2010 चा ग्रीक व्युत्पत्तिकोश म्हणतो 'ग्रीकपूर्व', म्हणजे ग्रीक भाषा तिथे येण्याआधीच्या कुठल्यातरी बोलीतला. कुठल्याही शब्दाची गाठ सुटेनाशी झाली की बेकेस त्याच्यावर हा शिक्का मारून खण बंद करतात, त्यामुळे मी फारशी प्रभावित होत नाही.

पण गंमत बघा. व्युत्पत्ती चुकली तरी अर्थ मात्र 'वीर'च बरोबर आहे, फक्त पाठ्यपुस्तकातला नव्हे, गावातला. होमरमध्ये 'हेरोस' सैल वापरलाय, दरबारातल्या आंधळ्या गवयालासुद्धा तो हेरोस म्हणतो. पण ग्रीक धर्मात हेरोस म्हणजे मेलेला माणूस, ज्याच्या थडग्याशी पूजा होते, ज्याच्यासाठी बळीचं रक्त खड्ड्यात ओततात, आणि जो खवळला तर गावाला त्रास देतो. आपल्याकडे देवळामागे शेंदूर फासलेला वीरगळ असतो ना? खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत, सर्वांत वर शिवलिंगापुढे तो हात जोडून. (गळ म्हणजे कानडी 'कल्', दगड. मासे धरायचा गळ नव्हे.) बोरिवलीजवळ एकसरला तर गलबतांच्या लढाईचे वीरगळ आहेत. नाशिकला धुळवडीला वीर नाचवतात, तेही घरातलेच गेलेले पूर्वज. हा खरा हेरोस. 'नायक' हे भाषांतर इथे निव्वळ चूक आहे, नायक रंगभूमीवर.

आणि या हेरोसला चांगुलपणाची अट नाही. ग्रीसमधल्या अस्तिपालाया बेटाचा क्लेओमेदेस नावाचा मुष्टियोद्धा होता. (पुन्हा 'क्लेओ'!) 492 इसवीसनपूर्व सालच्या ऑलिंपियात त्याच्या हातून प्रतिस्पर्धी मेला, पंचांनी विजय काढून घेतला, आणि हा डोक्यावर परिणाम होऊन गावी परतला. तिथल्या शाळेचा खांब त्याने उखडला. छत कोसळलं, आत साठेक पोरं होती. लोक दगड घेऊन मागे लागले तेव्हा तो अथेनाच्या देवळातल्या पेटीत शिरला आणि आतून झाकण ओढून बसला. पेटी फोडली तर आत कोणी नाही. डेल्फीला कौल लावला, तर उत्तर आलं: हा शेवटचा हेरोस, याची पूजा करा. पौसानिअस हा ग्रीक प्रवासी लेखक ही हकिकत जराही न दचकता सांगतो.

अरे हो, प्रश्न सर्वश्रेष्ठ कोण असा होता. थीसियस अथेन्सपुरता मोठा. पर्सियसला गोष्ट सुंदर मिळाली, पण आवाका लहान. जेसनचं सगळं मेडियाने, त्याच्या जादूगार बायकोने केलं. अकिलीस काव्यात मोठा, प्रश्नच नाही (त्याची ती टाच होमरमध्ये कुठेही नाही, पण ते भांडण आज नको). पण हेराक्लीसशी कोणी बरोबरी करू शकत नाही, कारण त्याला कुठल्या खणात ठेवायचं हे ग्रीकांनाच कळेना. पिंडार या कवीने त्याला एकाच दमात 'हेरोस-देव' म्हणून टाकलं. हेरोडोटस लिहितो की शहाणे ग्रीक त्याची दोन देवळं बांधतात: एकात अमर देव म्हणून यज्ञ, दुसऱ्यात मेलेला हेरोस म्हणून श्राद्धासारखा विधी. आणि होमरच्याच ओडिसीत तो ओडिसियसला पाताळात भेटतो, ताणलेलं धनुष्य हातात, अंधारात इकडेतिकडे रोखून बघत. पण कवी तिथेच सांगतो की ही नुसती छाया, तो स्वतः वर देवांच्या पंगतीत जेवतोय.