जुना कंदील आणि गॅसबत्ती यांत रॉकेलऐवजी कोणते इंधन वापरावे?

पन्हाळा ते पावनखिंड वाटेवरच्या मुक्कामासाठी आजोबांच्या वेळचा कंदील आणि पंपाची गॅसबत्ती आपल्याला वापरायची आहे, पण रेशनवर रॉकेल मिळत नाही, असे आपण विचारले आहे. या दोन्हींसाठी खुल्या बाजारात विनाअनुदान मिळणारे पांढरे रॉकेलच सर्वांत योग्य आहे; रेशनचे रॉकेल ओळखू यावे म्हणून निळे रंगवलेले असे. कोल्हापुरात जुन्या स्टोव्ह-बत्ती दुरुस्तीच्या दुकानांत त्याची चौकशी करावी.

पेट्रोल किंवा थिनर थोडेसुद्धा मिसळू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे, कारण रॉकेलची वाफ साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या पुढे पेट घेते, तर पेट्रोलची वाफ शून्याच्या खाली ४० अंशांवरही पेटते आणि दाबाखालच्या टाकीत त्याचा भडका उडतो. डिझेलने काजळी धरते, तर खाद्यतेल घट्ट असल्याने कंदिलाच्या उंच वातीतून पुरेसे चढत नाही.

कॅनमधले रॉकेल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवून पाहावे. तळाशी पाण्याचा थर दिसल्यास फक्त वरचे रॉकेल घ्यावे, कारण वात तडतडण्यामागे बहुधा पाणीच असते.