'कॉल ऑफ' की 'पुट ऑफ'?

प्रश्न असा आहे: ऑफिसच्या मेलमध्ये 'द मीटिंग इज कॉल्ड ऑफ टिल मंडे' असं लिहिलं तर चालेल का? 'पुट ऑफ'मध्येही 'ऑफ'च आहे, मग फरक कुठे?

नाही चालणार. 'टिल मंडे' म्हटलं म्हणजे मीटिंग होणारच आहे, फक्त पुढे ढकलली आहे. तिथे 'हॅज बीन पुट ऑफ टिल मंडे' हवं. 'कॉल ऑफ' केलेली गोष्ट रद्दच होते. पुण्यातली दोन उदाहरणं घेऊ. 14 मार्च 2021 ची एमपीएससीची पूर्वपरीक्षा ऐनवेळी लांबणीवर पडली, इथली मुलं रस्त्यावर उतरली आणि मग 21 मार्च ही नवी तारीख मिळाली. ती परीक्षा 'पुट ऑफ' झाली. 2020 मध्ये करोनामुळे आळंदी आणि देहूहून पायी वारी निघालीच नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. ती पायी वारी 'कॉल ऑफ' झाली.

यातला 'कॉल' मला फार बोलका वाटतो. अंगावर सोडलेल्या कुत्र्यांना हाक मारून माघारी बोलावणं यालाही इंग्रजीत 'कॉल ऑफ'च म्हणतात. हे डोळ्यांपुढे आणलं की संप 'कॉल ऑफ' का होतो ते लगेच उमगतं. आपणही संप मागेच घेतो. पण मराठीत तेवढ्याने भागत नाही. सामना रद्द होतो, संप मागे घेतला जातो, ठरलेलं लग्न मोडतं. इंग्रजीत तिन्हींना 'कॉल ऑफ' चालतं. म्हणून 'कॉल ऑफ म्हणजे रद्द करणे' एवढंच पाठ करून थांबू नका.

स्वतःच्या कामाबद्दल बोलताना 'पुट ऑफ' म्हणजे आपली चालढकल. 'आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टु द डेंटिस्ट'. इथे 'टु गो' लिहिण्याची चूक सर्रास दिसते, ती टाळा. सर्वनाम नेहमी मध्ये बसतं: 'पुट इट ऑफ', 'कॉल इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' कधीच होत नाही. नाम मात्र मध्येही चालतं आणि शेवटीही.

आणखी एक. 'द स्मेल पुट मी ऑफ' या वाक्यात तारखेचा काही संबंध नाही. त्या वासानेच माझं मन उडालं, खावंसंच वाटेना, असा त्याचा अर्थ. 'कॉल ऑफ' मात्र या अर्थाने वापरता येत नाही.