सकाळचं दूध चालतं, संध्याकाळचं परत येतं

प्रश्न : नमस्कार, आमच्याकडे 12 एचएफ (होल्स्टीन) गायी आहेत, शिरूर तालुक्यात. वर्षभरापूर्वी दोन क्लस्टरचं (क्लस्टर म्हणजे गाईच्या चार सडांना लावायच्या कपांचा जोड) बकेट मिल्किंग मशीन घेतलं. फॅट, डिग्री (लॅक्टोमीटरची) बरोबर लागते पण संध्याकाळचं दूध आठवड्यातून दोनदा तरी आंबूस म्हणून केंद्रावरून परत येतं. सकाळी दूध घालायची घाई, मग पोरांची शाळा, त्यामुळे मशीन नऊ-दहाला धुतो, पण धुतो मात्र उकळत्या पाण्यानं आणि कपड्याच्या पावडरीनं. रात्री लगेच धुतो. चुकतंय कुठं?

उत्तर : तुम्ही मेहनत घेताय हे दिसतंय, म्हणून परत आलेल्या दुधाचं जास्त वाईट वाटतं. पण उत्तर तुमच्याच पत्रात आहे बघा. रात्री मशीन लगेच धुतलं जातं म्हणून सकाळचं दूध टिकतं, आणि सकाळी ते तीन-चार तास तसंच पडतं त्यामुळे संध्याकाळचं नासतं. नळीत राहिलेल्या दुधात जंतू वाढतात, दूध वाळून चिकटतं आणि मग त्यावर तुम्ही उकळतं पाणी ओतता, तिथं दुधातलं प्रोटीन शिजून रबराला आणखी घट्ट बसतं.

शेवटची गाय झाली की केंद्रावर निघायच्या आधी पाच मिनिटं काढा, बादलीभर कोमट पाणी, हाताला सोसेल एवढंच, साधारण 40 डिग्री, दोन्ही क्लस्टरमधून ओढून घ्या, पाणी स्वच्छ येईपर्यंत. गार पाण्यानं फॅट गोठतं म्हणून कोमटच. एवढं जरी झालं तरी बाकीचं धुणं तासाभरानं केलं तर चालेल, पण हे पहिलं पाणी चुकवू नका.

मग 60-70 डिग्रीच्या पाण्यात डेअरीची अल्कली पावडर, डब्यावर लिहिलंय तेवढीच. कपड्याची पावडर बंद करा, तिचा फेस व्हॅक्यूमच्या नळीत जातो. पाणी ओढताना क्लस्टर मधेमधे पाण्याबाहेर काढायचा, हवा-पाणी एकत्र गेलं की आतून घासल्यासारखं होतं, आणि पाणी 40 च्या खाली जायच्या आत संपवायचं. लायनर (कपातली सडाला लागणारी रबरी नळी), क्लॉ (चारही कपांचं दूध जिथं एकत्र येतं तो भाग), झाकणाचं गॅस्केट (रबरी कडं) ब्रशनं घासा, गॅस्केटखाली बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागलं तर वास तिथूनच येतोय. नंतर साध्या पाण्यानं धुवून उलटं टांगा, बकेटवर झाकण लावून ठेवू नका.

पाणी बोअरचं असेल तर क्षारांमुळे आत पांढरट-पिवळा थर धरतो, तो पावडरीनं निघत नाही, आठवड्यातून एकदा डेअरीचं अ‍ॅसिड वापरा. पण अ‍ॅसिड आणि क्लोरीन कधीही, अगदी एका बादलीतसुद्धा, एकत्र करू नका, विषारी गॅस होतो, जीवावर बेतेल.

धार काढायच्या थोडं आधी 10 लिटर गार पाण्यात 5 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (वर म्हटलेलं क्लोरीन ते हेच) 40 मिली टाकून ते मशीनमधून ओढा आणि पूर्ण निथळू द्या. मशीन आधी धुतलेलं नसेल तर याचा उपयोग नाही, दुधाच्या घाणीतच क्लोरीन संपून जातं.

आणि लायनर! वर्षभर तेच आहेत असं धरतो, कारण बदलल्याचं तुम्ही लिहिलं नाही. साध्या रबराचे लायनर साधारण 2500 धारांपर्यंत चालतात. तुमच्या एका क्लस्टरवर 6 गायी, दोन वेळा, म्हणजे दिवसाला 12 धारा, सात महिन्यांतच संपले की ते. रबराला बारीक चिरा पडल्या की त्यात ब्रश पोचत नाही, शिवाय सडांना त्रास होऊन दगडीचा (कासेच्या सुजेचा) धोका वाढतो तो वेगळाच. दोन्ही क्लस्टरचे सगळे लायनर एकदमच बदला, आणि तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा.

दूध गाळायचं फडकंही बघून घ्या, तेच ओलं फडकं संध्याकाळी परत वापरत असाल तर मशीन कितीही धुतलं तरी दूध परत येणारच.