मीटरकडे बघत गाडी

“मॅडम, रात्री ठोके ५२ वर येतात. झोपेतच थांबलं तर?”

ठोके मोजणारी मनगटी घड्याळं आल्यापासून साठी-सत्तरीतली माणसं हाच प्रश्न घेऊन येतात. हे काका ६९ वर्षांचे, निवृत्त एसटी ड्रायव्हर. मुलानं हौसेनं घड्याळ दिलं आणि त्यांची झोप उडाली. ईसीजी, २४ तास ठोके नोंदवणारं होल्टर, सगळं नीट होतं. हे रिपोर्ट बघितल्याशिवाय मी असं बोलणं सुरूच करत नाही.

समुपदेशनाच्या विवेकनिष्ठ पद्धतीवर माझा विश्वास आहे. आकडा छळत नाही, आपण त्याचा लावलेला अर्थ छळतो. पण हे नुसतं सांगून कुणाला पटत नाही. तिसऱ्या भेटीत विचारलं, “बस चालवताना मीटर किती वेळा बघायचात?”

“अधूनमधून. नजर रस्त्यावर.”

“आणि आता?”

ते बराच वेळ गप्प राहिले. अंगठा घड्याळाच्या काचेवरून फिरत होता. “आता मीटरकडंच बघत गाडी हाकतोय.”

मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मी वीस वर्षांत कमावलंय. समजावण्यापेक्षा माणसाच्याच कामातला शब्द सापडावा लागतो, हे त्या दिवशी पुन्हा पटलं.

मग मी त्यांच्याच भाषेत बोलले. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात नैसर्गिक पेसमेकर असतो, ठोक्यांचा वेग ठरवणारा. त्याला मोकळं सोडलं तर तरुणपणी तो मिनिटाला शंभरेक ठोके देतो. व्हेगस नावाची नस ब्रेकवर पाय ठेवून त्याला सत्तरच्या आसपास आणते. वयानुसार त्या पेशी कमी होतात, मूळ वेग उतरतो. पण ब्रेकवरचा पायही हलका होतो. म्हणून बसल्या जागी नाडी फारशी बदलत नाही. अ‍ॅक्सिलरेटर मात्र पूर्वीसारखा उचलत नाही. चाळिशीत जोर केल्यावर ठोके साधारण १८० पर्यंत जायचे, सत्तरीत १५० च्या आसपासच. जिन्यात दम लागतो त्यात याचाही वाटा असतो. झोपेत तर ब्रेक आणखी दाबला जातो, तेव्हा ५२ दिसणं बहुतेकांच्या बाबतीत नेहमीचंच.

चक्कर येऊन पडणं, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत दुखणं, नव्यानं वाढलेला दम, जागेपणी नाडी वारंवार ४० च्या खाली जाणं: यातलं काहीही असेल तर माझ्याकडे नको, थेट हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. बीपीच्या काही गोळ्यांनीही ठोके उतरतात. डॉक्टरांना विचारा, मनानं गोळी बंद करू नका. आणि अंथरुणातून एकदम उठू नका. या वयात रक्तदाब सावरायला शरीराला थोडा वेळ लागतो.

काकांशी ठरलं: आकडा दिवसातून एकदा, चहाआधी. पहिल्या आठवड्यात दिवसाला सहा वेळा बघितला, त्यांनी स्वतःच कबूल केलं. आता घड्याळ रात्री देव्हाऱ्याशेजारी असतं, आणि उठताना काका मिनिटभर पलंगाच्या काठावर बसतात. “गाडी गरम होऊ देतो,” म्हणतात.