गुन्ह्यांच्या नकाशावरून गुन्हेगाराचं घर खरंच सापडतं का?

तुम्ही पाहिलेल्या वेब सिरीजमध्ये भिंतीवरच्या नकाशात खुनांच्या जागी टाचण्या टोचतात, कुणीतरी बरोबर मध्यावर बोट ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी खुनी तिथल्याच घरात सापडतो. खऱ्या तपासात असं होतं का, असा तुमचा प्रश्न आहे.

थेट घर सापडत नाही. पण गुन्हेगार साधारण कुठल्या भागात राहत असावा, हे बऱ्याचदा सांगता येतं. संशयितांची यादी हजारोंची असते तेव्हा आधी कुणाचं दार वाजवायचं, हे त्यावरून ठरवता येतं. मी भूगोल शिकवतो. बिंदूंचं मध्यमान केंद्र कसं काढायचं, या प्रात्यक्षिकाला दरवर्षी एकच उदाहरण घेतो. तेच तुम्हाला सांगतो.

इंग्लंडमधला यॉर्कशायर परगणा. १९७५ ते १९८० या काळात लीड्स, ब्रॅडफर्ड, हडर्सफील्ड, हॅलिफॅक्स आणि थेट मँचेस्टरपर्यंत एकाच माणसानं १३ स्त्रियांचे खून केले आणि आणखी ७ जणींना मारण्याचा प्रयत्न केला. पोलिसांनी माहितीची कार्डं इतकी जमवली, की लीड्सच्या मिलगार्थ पोलीस ठाण्याच्या मजल्याला त्या वजनासाठी खालून आधार द्यावा लागला. संगणक नव्हता. एका कार्डावरचं नाव दुसऱ्या कार्डावरही आहे, हे कुणाच्या लक्षात आलं तर यायचं.

त्यातच १९७८ मध्ये सुंडरलंडहून पत्रं आली आणि १९७९ मध्ये एक ध्वनिफीत. ‘मीच तो’ म्हणणारा आवाज त्या भागातल्या बोलीत बोलत होता. ती पत्रं आणि ध्वनिफीत खोटी होती, पण तपासाच्या प्रमुखांनी त्यांवर विश्वास ठेवला. सुंडरलंड ब्रॅडफर्डपासून सव्वाशे किलोमीटरवर आहे. त्यानंतर ज्याची बोली तशी नाही, तो संशयित बाजूला पडायला लागला.

१९८० च्या नोव्हेंबरमध्ये शेवटचा खून झाला आणि बाहेरून सल्लागारांची एक तुकडी आली. त्यात स्टुअर्ट काइंड नावाचे न्यायवैज्ञानिक होते. त्यांनी १७ गुन्ह्यांच्या जागा नकाशावर घेतल्या आणि दिशाशोधनाच्या गणितातली एक साधी कल्पना लावली. समजा १७ टाचण्या टोचल्या आहेत. अठरावी अशा जागी टोचायची, की तिच्यापासून बाकी सगळ्यांपर्यंत बांधलेला दोरा एकूण कमीत कमी लागेल. (काटेकोरपणे पाहिलं तर हा मध्यमान बिंदू नव्हे, मध्यक बिंदू झाला. वर्गात यावर दरवर्षी वाद होतो आणि तो व्हायलाच हवा.) ती अठरावी टाचणी ब्रॅडफर्डजवळ आली.

मग त्यांनी वेळा पाहिल्या. मला हा भाग जास्त आवडतो. माणसाला रात्री घरी परतायचं असतं. लांब जायचं असेल तर तो लवकर उरकतो, घराजवळ असेल तर उशीर चालतो. यॉर्कशायरमध्ये रात्री उशिराचे गुन्हे लीड्स-ब्रॅडफर्डच्या बाजूला होते. दोन्ही गोष्टी जुळवून या तुकडीनं कळवलं, की हा माणूस ब्रॅडफर्डमध्ये, मॅनिंगहॅम किंवा शिप्ली भागात राहत असावा.

२ जानेवारी १९८१ ला शेफिल्डमध्ये गस्तीवरच्या पोलिसांनी खोटी नंबरप्लेट लावलेली गाडी हटकली. आत पीटर सटक्लिफ होता. त्याचं घर ब्रॅडफर्डच्या हीटन भागात होतं, म्हणजे मॅनिंगहॅम आणि शिप्ली यांच्या मधोमध. त्याला पकडलं ते गस्तीनं, नकाशानं नव्हे, हे मान्यच. पण त्याआधी पोलिसांनी त्याची नऊ वेळा चौकशी केली होती. नाव कार्डांच्या ढिगात होतंच. ढिगातलं कुठलं कार्ड आधी उचलायचं, हे नकाशा सांगू शकला असता. दोन-तीन वर्षं आधी कुणी तो दोरा ताणून पाहिला असता तर, हा विचार मला हे शिकवताना प्रत्येक वेळी छळतो.

हे जमतं कसं? तुमच्या महिन्याभराच्या यूपीआयच्या नोंदी काढा आणि दूध, भाजी, पेट्रोल, वडापाव ही सगळी दुकानं नकाशावर ठेवा. पत्ता कुणी न सांगता तुमचं घर आणि कामाची जागा हळूहळू उमटायला लागेल. गुन्हेगारही पायाखालच्या वाटेवरच वावरतो. पळायची गल्ली कुठली, अंधार कुठे असतो, हे त्याला माहितीच्या भागातच ठाऊक असतं. कॅनडात पॉल आणि पॅट्रिशिया ब्रँटिंगहॅम या गुन्हेशास्त्रज्ञ दाम्पत्यानं ही मांडणी केली. माणूस कुठे राहतो, कुठे काम करतो यावरून तो गुन्हा कुठे करेल, असा त्यांचा विचार होता. त्यांचा विद्यार्थी किम रॉस्मो व्हँकूव्हर पोलिसांत होता. त्यानं प्रश्न उलटा केला: गुन्हे कुठे झाले ते माहीत आहे, मग माणूस कुठे राहतो? १९९५ मध्ये त्याला त्यावर डॉक्टरेट मिळाली.

त्याच्या सूत्रात दोन ओढी आहेत. घरापासून जितकं लांब, तितकी गुन्ह्याची शक्यता कमी. पण अगदी दाराशीही नाही, कारण तिथे ओळखीचे डोळे असतात. म्हणून घराभोवती एक मोकळं कडं राहतं आणि त्याच्या बाहेर गुन्हे दाटतात. नकाशाचे बारीक चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात ‘घर इथे असेल तर हे सगळे गुन्हे किती शक्य वाटतात’ याचा आकडा मांडायचा, अंतर गल्लीबोळांच्या हिशोबानं धरायचं. तयार होतो तो डोंगरउतारांसारखा नकाशा. शोध शिखरापासून सुरू करायचा आणि उतरत जायचं.

ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कँटर यांनी १९९३ मध्ये याहून सोपी चाचणी घेतली. सर्वांत लांबच्या दोन गुन्ह्यांमधलं अंतर हा व्यास धरून वर्तुळ काढायचं. त्यांनी पाहिलेल्या ४५ बलात्काऱ्यांपैकी ८७ टक्क्यांची राहण्याची जागा त्या वर्तुळाच्या आत होती. आत असणं आणि मधोमध असणं या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मालिका नेमकी इथेच फसवतात. पुढे असंही दिसून आलं, की असे दोन-तीन नियम साध्या माणसांना समजावून दिले तर त्यांचे अंदाज सॉफ्टवेअरच्या जवळपास येतात. गणित अवघड नाहीच.

अवघड आहे ते कुठले ठिपके नकाशावर घ्यायचे, हे. १९७५ मध्ये सिल्सडेन गावाजवळ १४ वर्षांच्या एका मुलीवर हातोडीनं हल्ला झाला होता. ती वाचली. तिच्या वर्णनावरून झालेलं चित्र सटक्लिफशी बरंच जुळणारं होतं. पण ‘हा फक्त वेश्यांना मारतो’ असं पोलिसांच्या डोक्यात बसलं होतं आणि ती शाळकरी मुलगी त्यात बसत नव्हती. तो ठिपका गळला. सुंडरलंडचा खोटा ठिपका मात्र आत आला.

काही वेळा पद्धतच लागू पडत नाही. निदान पाचेक घटना हव्यात, त्या एकाच माणसाच्या हव्यात आणि त्याचा तळ एका जागी हवा. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनच्या आसपास लपून गोळ्या झाडणाऱ्या दोघांनी तीन आठवड्यांत १० जणांना मारलं. ते गाडीतच झोपायचे. घरच नाही, तर नकाशा दाखवणार काय? आपल्याकडे मुंबईचा रामन राघव तसाच. १९६५-६६ मध्ये आणि पुन्हा १९६८ मध्ये त्यानं झोपड्यांत आणि फुटपाथवर झोपलेल्या माणसांना मारलं, आणि तो स्वतःही असाच कुठेही पडून राहायचा. पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या देखरेखीखाली तपास चालू होता. ऑगस्ट १९६८ मध्ये सब-इन्स्पेक्टर अॅलेक्स फियाल्हो यांनी त्याला रस्त्यात ओळखलं. तिथे माणसाची नजरच उपयोगी पडली. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडातही सूत्र फारसं चाललं नसतं. ठिकाणं मोजकी होती आणि खून करणाऱ्या मुलांना जोडणारी जागा कुणाचं घर नव्हती, टिळक रस्त्यावरचं त्यांचं महाविद्यालय होतं.

रॉस्मोच्या स्वतःच्या शहरात जे झालं ते यापेक्षा वाईट. व्हँकूव्हरच्या डाउनटाउन ईस्टसाइड वस्तीतून बायका नाहीशा होत होत्या. त्यांतल्या बऱ्याच मूलनिवासी, गरीब, व्यसनात आणि देहविक्रयात अडकलेल्या. प्रेतं नव्हती, घटनास्थळं नव्हती, म्हणजे ठिपकेच नव्हते. रॉस्मोनं बेपत्ता बायकांच्या नुसत्या संख्या पाहिल्या. नाहीशा होणाऱ्यांचं प्रमाण नेहमीपेक्षा फार जास्त होतं आणि त्या परत सापडत नव्हत्या. मागे एकच खुनी असावा, असं त्यानं म्हटलं आणि १९९८ मध्ये लोकांना सावध करणारं निवेदन काढावं असा आग्रह धरला. ते निवेदन निघालं नाही. बायका कामासाठी दुसऱ्या गावी गेल्या असतील, असं वरिष्ठांना वाटत होतं. २००२ मध्ये रॉबर्ट पिक्टनच्या पोर्ट कोक्विटलममधल्या डुक्करपालनाच्या शेतावर छापा पडला. तिथे ३३ स्त्रियांचे अवशेष किंवा डीएनए सापडले. २०१२ च्या चौकशी अहवालानं पोलिसांच्या या ढिलाईवर कडक ताशेरे ओढले.

आपल्याकडे हाच प्रश्न हद्दीच्या रूपात येतो. आमच्या भागात दोन वर्षांपूर्वी सोनसाखळी चोरीच्या पाच घटना झाल्या. एकाच दुचाकीवरचे दोघे, सकाळी फिरायला निघालेल्या बायकाच हेरलेल्या. त्यांतली एक माझी मावशी. तीन घटना एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत, दोन दुसऱ्याच्या. मावशीला आधी ‘ते आमच्याकडे येत नाही’ म्हणून परत पाठवलं. फिर्याद नोंदवली तेव्हा त्यात जागा लिहिली, ‘मंडईजवळ’. ती मंडई अर्धा किलोमीटर लांब आहे. पाचही ठिपके एका नकाशावर आले ते माझ्या जेवणाच्या टेबलावर, आणि त्याचा तपासाला काही उपयोग नव्हता.

म्हणून तुमच्यावर किंवा घरातल्या कुणावर अशी वेळ आली, तर हद्दीचं कारण देऊन कुणी परत पाठवायला लागलं की ‘झिरो एफआयआर’ नोंदवून घ्या असं स्पष्ट सांगा. हद्द कुठलीही असो, ती नोंदवावी लागते. फिर्यादीत जागा नेमकी लिहून घ्या: कुठल्या खांबापाशी, कुठल्या फाटकासमोर. वेळ ‘सकाळी’ नको, ‘सहा वाजून दहा मिनिटांनी’ हवी. ते कुठल्या गल्लीतून आले आणि कुठल्या गल्लीत वळले, हेही सांगा. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका आणि सही करण्याआधी जागेचा शब्द पुन्हा वाचा.