काळा, चकचकीत दिसला म्हणून लगेच ‘सिड्नस’ लिहू नका

पावसाळ्यात दिव्याखाली पडलेला प्रत्येक काळा किडा भुंगेरा नसतो. आधी तो उलटा करून बघा. पोटाशी दुमडलेली सोंड दिसली, तर तो ढेकणांचा नातेवाईक. पुढचे पाय चपटे, काटेरी, माती उकरण्याजोगे असतील तर बहुधा सिड्निडी, म्हणजे माती उकरणाऱ्या ढेकणांचं कुल. पक्की खूण मात्र भिंगाखालीच दिसते: पाय जिथे छातीला जोडलेला असतो, तिथल्या पहिल्या खंडाच्या कडेला राठ केसांची कंगव्यासारखी रांग. ती पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

सिड्नस ही या कुलातली प्रजाती (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने 1803 मध्ये मांडली आणि पुढे बरेच काळे मातीतले ढेकूण तिच्यात ढकलले गेले. त्यामुळे जुन्या याद्यांतली नावं जशीच्या तशी उचलू नका. आपल्याकडचा इवलासा पिग्मियसच घ्या. बराच काळ तो जिओटोमस या प्रजातीत होता, आता तो फ्रोमुंडस पिग्मियस (डॅलस, 1851). नाव-वर्षाभोवतीचा कंस सांगतो की या जातीचं पहिलं वर्णन करणाऱ्या डॅलसने तिला दुसऱ्याच प्रजातीत ठेवलं होतं. हे कंस वाचायला शिका, अर्धा इतिहास तिथेच मिळतो.

प्रजातीसाठी डोक्याच्या कडेवरचे खुंट आणि केस बघा, शिवाय छातीच्या बाजूला असलेल्या गंधग्रंथीच्या तोंडाची ठेवण. जातीसाठी अनेकदा नराचे जननावयव तपासावे लागतात. म्हणून फोटो वरून, खालून आणि बाजूने काढा. मेलेला नमुना मिळालाच, तर सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून सोबत ठिकाण आणि तारीख पेन्सिलीने लिहा, शाई विरघळते.